चुणी धरून ठेवणारं कापड

पॉलिएस्टर म्हणजे रेशमाची नाहीतर सुताची नक्कल, असं आपण सहज म्हणतो आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण उष्णतेनं कायमची चुणी बसवलेल्या कापडाला हा निवाडा लावणं मला अन्यायाचं वाटतं. रेशमाला जे साधलं नाही, ते इथे पॉलिएस्टर करून दाखवतं. व्हेनिसमध्ये मारियानो फॉर्च्युनी यांनी १९०७च्या सुमारास ‘डेल्फोस’ हा रेशमी झगा घडवला. अतिशय बारीक, उभ्या चुण्यांचा, अंगावरून पाण्यासारखा उतरणारा. तो सुताच्या लडीसारखा पिळून डब्यात ठेवत. भिजला की चुण्या सुटत आणि त्या पुन्हा घालायला झगा फॉर्च्युनींकडेच पाठवावा लागे. कारागिरीत कसूर नव्हती. रेशमात पाणी शिरलं की आकार धरून ठेवणारे बंध सैलावतात. सुती सदऱ्याची इस्त्री धुण्यात जाते, तीही अशीच. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या रेणूंच्या साखळ्या ७०-८० अंश सेल्सियसच्या पुढे सैल होऊ लागतात. चुणीसाठी कापड त्याहून बरंच तापवतात, दाबून धरतात आणि तसंच निवू देतात. मग साध्या पाण्यात कितीदाही धुवा, चुणी टिकते. कडक इस्त्रीपासून मात्र तिला जपायचं.

जपानचे वस्त्ररचनाकार इस्से मियाके यांनी हा गुण ओळखून शिवणकामाचा क्रमच उलटा केला. एरवी चुणीदार कापड आणून ते बेततात. त्यांनी अडीच-तीन पट मोठा कपडा आधी शिवला, कागदाच्या थरांत धरला आणि मग यंत्रात घातला. शिवणीलाही चुणी पडली, त्यामुळे ती कापडाबरोबर ताणली जाऊ लागली. १९९१मध्ये नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्टच्या नर्तकांनी असे कपडे घालून नृत्य केलं. १९९३मध्ये मियाके यांची ‘प्लीट्स प्लीज’ ही कपड्यांची मालिका बाजारात आली. नक्कल करणाऱ्या कापडातून असा नवा क्रम सुचला नसता.

यावर कुणी म्हणेल, आपल्या उन्हाळ्यात हे अंगाला सोसवेल का? पॉलिएस्टर घाम शोषत नाही, हे खरंच. पण चुणीदार कापड कडांवरच टेकतं, मधल्या पोकळीत हवा खेळते; सपाट पॉलिएस्टरचा चिकटपणा इथे बराच कमी होतो. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हे प्लास्टिक आहे, धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की चार धुण्यांत टाकून द्यायच्या स्वस्त कपड्यासाठी हे कापड वापरू नये. इस्त्रीवाचून वर्षानुवर्षं आकार राखणारा, अंग थोडं सुटलं तरी ताणून सामावून घेणारा कपडा करायचा असेल, तरच पॉलिएस्टर हाती घ्यावं, आणि चुणी शिवणीनंतर घालावी.