राजाचा धर्म आणि माणसाचा धम्म

(आचरा येथे विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



माझी उमेदीची वर्षे गिरणीत साच्यावर गेली. शाळा थोडी झाली, बाकीचे वाचनालयात बसून शिकलो. आज मला युरोपातल्या धर्मसुधारणेवर बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, आचऱ्यात युरोप कशाला? पण त्या गोष्टीचे एक टोक शेजारी गोव्यात आहे आणि दुसरे आपल्या घरात आहे.

१५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने पापाच्या माफीच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे त्याने बायबल लोकांच्या भाषेत आणले. ते ऐकून गोरगरीब कुळे उभी राहिली. १५२५ साली शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहिल्या. ख्रिस्ताने सगळ्यांनाच मुक्त केले, मग आम्ही जमीनदाराचे बांधील का, असा त्यांचा सवाल होता. आता बघा, ल्यूथर कोणाच्या बाजूला गेला? राजेरजवाड्यांच्या! बंड चिरडा, असे त्याने लिहिले. हजारो शेतकरी कापले गेले.

पोपच्या हातून सत्ता सुटली, पण ती रयतेकडे आली नाही, राजाकडे गेली. इंग्लंडचा आठवा हेन्री १५३४ साली स्वतःच चर्चचा प्रमुख झाला आणि नंतर मठांच्या जमिनी त्याने घशात घातल्या. १५५५ साली जर्मनीत तह झाला, ज्याचे राज्य त्याचा धर्म. प्रजेला पटले नाही तर तिने घरदार विकून चालते व्हावे! १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट लोकांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. लाखाहून जास्त माणसे देश सोडून गेली. एक राजा, एक कायदा, एक धर्म, अशी ती अनियंत्रित राजेशाही.

हाच वारा समुद्रावरून आपल्याकडे आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पूर्वेकडच्या चर्चचा कारभार पोपने त्यांच्या राजाकडेच सोपवला होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसले. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. देवळे पाडली गेली. मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून लोकांनी प्रियोळला हलवला. १६८४ साली तर कोकणी बोलणे सोडा, असा हुकूम निघाला.

पण मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. कोणी धाकाने, कोणी जमीन राखण्यासाठी धर्म बदलला. धर्म बदलला, जात मात्र गेली नाही. बामण, चारडो, सुदीर हे भेद गोव्याच्या ख्रिस्ती समाजात राहिलेच. प्रार्थना एक, पण सोयरीक आपापल्या जातीत!

आता नागपूर आठवा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षे अभ्यास केला, लोकांना विचार करायला वेळ दिला. हाती राज्य नाही, फौज नाही. लाखो माणसांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. सर्व माणसे समान आहेत, ही त्यातलीच एक. राजाच्या धर्मात माणूस प्रजा होता, इथे तो स्वतःचा मालक झाला.

पण बंधूभगिनींनो, ही मालकी रोज सांभाळावी लागते. लग्न जुळवताना आपण अजून हळूच पोटजात विचारतो की नाही? विचारत असू, तर गोव्याच्या हुकमात आणि आपल्या दीक्षेत फरक काय उरला? नवी सून घरात आली की तिला पंचशील समजावून सांगतो, की नुसता हुकूम सोडतो? मंडळाचा पदाधिकारी चुकला तर त्याला भर सभेत हिशेब विचारतो का? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावले होते. गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग आपल्यात कोणी छोटा राजा का तयार व्हावा?

म्हणून माझी विनंती आहे. या विहारात मुलांना वंदना शिकवा, तसेच प्रश्न विचारायलाही शिकवा. वर्षाचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचा. आणि सोयरिकीच्या बैठकीत कोणी पोटजात काढली, तर घरच्या बाईमाणसाने तिथल्या तिथे त्याला बावीस प्रतिज्ञांची आठवण द्यावी.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. भवतु सब्ब मंगलं. जयभीम!