लंडन पाहताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच खेप. आजवर वर्धापनदिनाला माझे काम म्हणजे पाहुण्यांच्या चहाफराळाची व्यवस्था. परंतु 2023 च्या जूनमध्ये मी लंडनला लेकीकडे गेले, दोन महिने राहून आले, आणि तेव्हापासून तिकडे निघालेली प्रत्येक भगिनी मला विचारते, "काय पाहावे? कसे पाहावे? आपल्याला जमेल का?" यंदा तर आपल्यापैकी बऱ्याचजणींचे जाणे ठरते आहे. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगून टाका." म्हणून हे धाडस. चुकले तर सांभाळून घ्या.

आरंभीच माझी फजिती सांगते. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी लेकीने मला एका सहलीच्या गाडीत बसवून दिले. एका दिवसात सगळे लंडन! गाडी थांबे, आम्ही उतरत असू, फोटो काढत असू, पुन्हा चढत असू. देवदर्शनाला जाऊन रांगेतल्या धक्क्याने बाहेर पडावे, तसे झाले. संध्याकाळी लेकीने कौतुकाने विचारले, "आई, काय काय पाहिलंस?" मी सांगू लागले, तर वेस्टमिन्स्टर ॲबे कोणते आणि सेंट पॉल कोणते, हेच मला सांगता येईना! ती हसली, पण मला मात्र रात्री झोप लागली नाही. एवढा पैसा खर्चून, समुद्र ओलांडून आले, आणि पाहिले काय, तर पुढच्या बाईची पाठ.

त्या रात्री मी दोन नेम केले. एक, दिवसाला एकच मोठे ठिकाण पाहायचे. दुसरा, त्या ठिकाणाविषयी निदान एक गोष्ट घरूनच नीट समजून घेऊन निघायचे. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळे त्याचाच विस्तार आहे.

आता ज्या दोन देवळांनी माझी फजिती केली, तीच घ्या. वेस्टमिन्स्टर ॲबे हे राजांचे देऊळ. 1066 सालापासून इंग्लंडच्या राजाराण्यांचे राज्याभिषेक येथे होत आले. मी जाण्यापूर्वी महिनाभर आधीच तिसऱ्या चार्ल्स राजाचा येथे झाला होता. उंच, टोकदार कमानी, आणि पायांखाली थडगीच थडगी. न्यूटन येथे, डार्विन येथे. सेंट पॉलचे तसे नाही. ते घुमटाचे देऊळ. 1666 साली एका भटारखान्यात आग लागली आणि चार दिवसांत जुने शहर जळाले, त्यात जुने सेंट पॉलही गेले. मग क्रिस्टोफर रेन नावाच्या स्थापत्यकाराने पस्तीसएक वर्षे खपून हे नवे उभारले. त्याला तेथेच पुरले आहे, आणि थडग्यापाशी लिहिले आहे, त्याचा अर्थ असा की, याचे स्मारक पाहायचे असेल तर सभोवार पाहा. एवढे समजले, की पुन्हा कधी घोटाळा होणार नाही.

दोन्हींकडे तिकीट बरेच भारी आहे. परंतु एक युक्ती सांगते. सायंकाळची प्रार्थना असते, तिला तिकीट लागत नाही. वेळ आधी पाहून घ्यावी, थोडे लवकर जावे आणि मागच्या बाकावर शांत बसावे. मुलांचे कोवळे आवाज त्या उंच छतापर्यंत चढत जातात, तेव्हा भाषा कळली नाही तरी मन निवते. मात्र तेथे देऊळ पाहायला म्हणून फिरू नये, फोटो काढू नयेत. आपल्या कीर्तनात कोणी उठून फोटो काढू लागले, तर आपल्याला तरी आवडेल का?

आता जाण्यायेण्याविषयी. लेक आणि जावई सकाळी कामावर जात. लेक म्हणे, "आई, रविवारपर्यंत थांब, एकटी जाऊ नकोस." भगिनींनो, माझे वय तेव्हा चौसष्ट. त्याआधी मी पुण्याच्या बाहेरसुद्धा कधी एकटी गेले नव्हते. कोणी ना कोणी बरोबर असायचेच. पण आठवड्यात पाच दिवस खिडकीशी बसून रविवारची वाट पाहायला का मी लंडन गाठले होते? एका बुधवारी मी निघाले.

तेथे बसमध्ये रोकड पैसे घेतच नाहीत. बँकेचे स्पर्शाने चालणारे कार्ड किंवा ऑयस्टर नावाचे कार्ड यंत्राला टेकवायचे. बसमध्ये चढताना एकदाच. भुयारी रेल्वेत मात्र आत जातानाही आणि बाहेर येतानाही. प्रत्येकीचे कार्ड निराळे हवे, एका कार्डावर दोघींना जाता येत नाही. भुयारी रेल्वे 1863 सालची, जगातली पहिली. तेथील सरकत्या जिन्यावर उभे राहायचे ते उजव्या बाजूला, डावी बाजू घाईत असणाऱ्यांची. पण माझे ऐकाल तर भुयारापेक्षा बस बरी. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, की थोडक्या पैशांत सहलच होते. 15 क्रमांकाची बस ट्रॅफल्गर चौकातून निघते आणि सेंट पॉलवरून लंडनच्या टॉवरपर्यंत नेते.

त्याच बसने मला धडाही शिकवला. टॉवर पाहून परतताना मी घाईने 15 क्रमांक पाहून चढले, पण चढले उलट्या दिशेच्या बसमध्ये! टॉवर मागे गेला, ओळखीचे काही येईना, आणि शेवटी ब्लॅकवॉल नावाच्या ठिकाणी बस रिकामी झाली. मी एकटीच वर बसलेली. घसा कोरडा पडला. खाली जाऊन चालकाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. तो हसला, समोरचा थांबा दाखवला आणि म्हणाला, तेथून चढा. एवढेच! ज्या गोष्टीला मी जन्मभर भीत आले होते, ती गोष्ट म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर उभे राहणे. म्हणून सांगते, बसचा क्रमांक पाहा, पण त्याखाली शेवटच्या ठिकाणाचे नाव लिहिलेले असते, तेही वाचा. आणि चुकलात तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आता त्या टॉवरचीच गोष्ट. नाव टॉवर, पण आहे तो किल्ला. सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीचा. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिचा शिरच्छेद 1536 साली येथेच झाला. आपली माणसे तेथे जातात ती कोहिनूर पाहायला. रत्नांसमोर एक सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहिले, की तो आपल्याला पुढे नेतो. अर्ध्या मिनिटात कोहिनूर आला आणि गेला! मी मात्र घरून एक गोष्ट समजून घेऊन गेले होते, म्हणून तो मला दिसला. 1849 साली पंजाब खालसा झाला, तेव्हा हा हिरा ज्याच्याकडून लिहून घेतला, तो महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. आईपासून तोडलेले दहा वर्षांचे पोर! आपल्या घरातले त्या वयाचे मूल डोळ्यांसमोर आणा. मला तो हिरा फार वेळ पाहवला नाही.

पण ही गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भाग पाहायला तिकीटही लागत नाही. पार्लमेंटसमोरच्या चौकात जा. बिग बेन बिग बेन म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, तो तेथला मनोरा. खरे म्हणजे बिग बेन हे आतल्या साडेतेरा टनांहून जड घंटेचे नाव. चौकात 2015 पासून आपले गांधीजी उभे आहेत. जवळच मिलिसंट फॉसेट या बाईंचा पुतळा आहे. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी जन्म वेचला. 2018 साली तो बसवला, तोवर त्या चौकात एकाही स्त्रीचा पुतळा नव्हता! चौथऱ्याभोवती या लढ्यातल्या आणखी 59 जणांची चित्रे आहेत. त्यांत एक नाव शोधा: सोफिया दुलीपसिंग. त्या दहा वर्षांच्या राजाची ही लेक. 1910 साली नोव्हेंबरात स्त्रियांचा मोर्चा पार्लमेंटवर गेला, पोलिसांनी बायकांना मारझोड केली; त्या मोर्च्यात ही पुढे होती. मत नाही तर कर नाही, म्हणून तिने कर नाकारला, तेव्हा तिचे दागिने जप्त करून लिलावात काढले. बापाचा हिरा गेला तो त्याच्या अजाणतेपणी. लेकीने दागिने जाऊ दिले ते समजूनउमजून. पुढे 1918 साली तेथील काही स्त्रियांना आणि 1928 साली सर्वांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. सहलीच्या गाडीतून मी या चौकाला वळसा घालून गेले होते, पण हे कोणी दाखवले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

तिकडची मोठी संग्रहालये पाहायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो नेला. असे काही पाहिले की मन दोन्हींकडे ओढते. आपले आहे म्हणून रागही येतो, आणि किती जपून ठेवले आहे हेही दिसते. हे दोन्ही घेऊनच पाहावे. सगळी दालने मात्र पाहू नयेत. दोन पाहावीत आणि बाकावर बसावे.

आपल्या माणसांच्या दोन घरांना अवश्य जा. किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात 1921-22 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत. ते घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आता तेथे स्मारक आहे. दुसरे मेडा व्हेल भागात, हाउली प्लेसवरील 10 क्रमांकाचे. चिरोलवरील खटल्यासाठी लोकमान्य टिळक विलायतेला गेले, तेव्हा 1918-19 मध्ये ते तेथे राहिले. भिंतीवर निळी तबकडी आहे. ते बाहेरूनच पाहावे. पाहण्यासारखे तेथे काही नाही, आणि तरीही मी पंधरा मिनिटे उभी होते.

आता घरगुती सूचना. चांगले चालायचे बूट घ्या. साडीवर बूट कसे दिसतात याची तेथे कोणाला पडलेली नाही. मी चपलांवर गेले आणि दोन दिवस फोड कुरवाळत बसले. छत्री उन्हाळ्यातही पिशवीत हवी. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, डिसेंबरात चार वाजताच अंधारते. त्या बेताने निघा. डब्यात थालीपीठ किंवा दशम्या घ्या आणि बागेतल्या बाकावर बसून खा, नळाचे पाणी पिण्याजोगे असते. भेळपुरीची आठवण झालीच, तर यूस्टन स्टेशनाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृहे आहेत. आणि एक गोष्ट संकोच न करता सांगते, कारण आपल्या वयाला तिचीच काळजी जास्त: संग्रहालयांत स्वच्छतागृहे चांगली आणि फुकट असतात. फिरण्याचा रस्ता त्या मानाने आखावा.

निघण्याच्या आदल्या रविवारी लेक म्हणाली, "आई, आज तू मला फिरव." आठ वर्षे ती त्या शहरात राहते, पण कामावरून घरी आणि घरून कामावर. तिला मी 15 क्रमांकाच्या बसने नेले, वरच्या मजल्यावर पुढे बसवले, आणि नंतर त्या चौकात नेऊन सोफियाचे नाव दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी इथून कितीदा गेलेय, आई."

भगिनींनो, तुम्ही जाल तेव्हा सगळे लंडन पाहून येऊ नका. थोडेच पाहा, पण आल्यावर आम्हाला सांगता येईल असे पाहा. पुढच्या वर्धापनदिनी या जागेवर तुमच्यापैकी कोणीतरी उभी राहावी, आणि चहाचे काम पुन्हा माझ्याकडे यावे, एवढीच इच्छा.