डोंगरातलं लोखंड, समुद्राची वाट

लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांचं गाव वेंगुर्ल्याकडे आहे.
तिथला रेडीचा द्विभुज गणपती तुम्हाला ठाऊक असेल.
ही मूर्ती 1976 साली सापडली…
लोहखनिजाच्या खाणीच्या परिसरात!

रेडीच्या दक्षिणेला गोवा.
डिचोली, साखळी, सांगे हा तिथला खाणपट्टा.
पण नुसती खाण पुरत नाही, मंडळी.
खनिज समुद्रापर्यंत नेणारी वाट हवी.

गोव्याला ही वाट नद्यांनी दिली.
खाणीतून ट्रक निघे, नदीकाठच्या धक्क्यावर रिकामा होई.
तिथून बार्ज…
मांडवी आणि जुवारीतून थेट मुरगाव बंदराकडे.

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा येतो.
मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत.
किती सुंदर सोय ही!

मुरगावला 1979 साली यांत्रिक पट्ट्यांची व्यवस्था आली.
खनिज पट्ट्यावरून सरळ जहाजात पडू लागलं.
आधी जपान, पुढे चीन मोठा गिऱ्हाईक झाला.

म्हणून पुन्हा सांगते, खाणीइतकीच वाट महत्त्वाची.
आणि त्या वाटेवरची माणसंही.

ट्रकच्या धुळीने गावं लाल झाली.
खाणीचा गाळ भातशेतीत उतरला.
2012 साली खाणी थांबल्या.
ट्रकमालक, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले… सगळ्यांची कमाई अडली.

आता लिलावातून खाणींचे नवे पट्टे दिले जात आहेत.
या वेळी ट्रकसाठी गावाबाहेरचा रस्ता आधी व्हावा,
खाण नंतर सुरू व्हावी…
असं मला मनापासून वाटतं.