मधे पोकळी असलेला केक

थालीपीठ थापून झालं की मधे एक आणि भोवती चार भोकं पाडायची, हे आपल्याकडे कुणाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. आईचं पाहून मुलगीही तशीच पाडते. का पाडायची, असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'तेल सोडायला.' उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. त्या भोकांतून तेलाबरोबर आचही आत जाते आणि जाड थापलेलं थालीपीठ मधे कच्चं राहत नाही. मेदूवड्याच्या भोकाचंही काम तेच. आज मी ज्या केकविषयी बोलणार आहे, तो याच युक्तीवर उभा आहे. त्याला 'बंट केक' म्हणतात. बांगडीसारखा गोल, मधे पोकळी. भांड्यांच्या दुकानात 'केकचं रिंगचं भांडं' म्हटलं की दुकानदाराला कळतं.

चॉकलेट बिस्किटांचा चुरा आणि स्ट्रॉबेरीचं क्रीम घातलेला हा केक सध्या मुलांच्या वाढदिवसाला फार मागतात. माझ्याकडे केक शिकायला येणाऱ्या मुलीही पहिल्या दिवशी तोच विचारतात. माझं सांगणं एवढंच आहे की, यवतमाळसारख्या जिल्ह्यात, आपलं ऊन, आपली वीज आणि आपला खिसा पाहता, पार्टीचा केक घरी करायचा तर तो या आकाराचा करावा. का, ते सांगते.

भाजण्याची विद्या आपल्याला नवी नाही. शेतातल्या पंगतीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली नाही, असा विदर्भातला माणूस विरळा. रोडगे भाजणाऱ्याला एकच धास्ती असते. वरून करपला आणि आत कणीक राहिली तर? म्हणून रोडगा थर देऊन, थरांना तेल लावून करतात, विस्तव मंद ठेवतात आणि तो फिरवत राहतात. केकची धास्तीही हीच. फरक इतकाच की, भट्टीतला केक मधेच उलटता येत नाही. त्यामुळे जी काय सोय करायची, ती भांड्यातच करावी लागते.

थोडं गणित करू. २० सेंटीमीटर व्यासाच्या साध्या गोल भांड्यात कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर १० सेंटीमीटर असतं. खालून आणि वरून उष्णता मिळते, पण मिश्रण जाड ओतलं असेल तर मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो. तोवर कड कोरडी पडते आणि मधे फुगवटा येऊन तो फुटतो. आता याच भांड्याच्या मधे ६ सेंटीमीटरची नळी आहे असं समजा. मिश्रणाचा पट्टा उरला ७ सेंटीमीटर रुंद, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तापलेली भिंत. म्हणजे कुठलाही भाग भिंतीपासून साडेतीन सेंटीमीटरपेक्षा दूर नाही. केक सगळीकडून सारखा शिजतो आणि आतून कच्चा राहण्याची भीती पुष्कळ कमी होते.

या भांड्याची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे 'गुगलहुफ' नावाचा पोकळीचा केक फार जुना. तिकडून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांजवळ त्याची मातीची, चिनीमातीची जड भांडी होती. मिनियापोलिस शहरात 'हदासा' या ज्यू महिलांच्या संस्थेच्या काही सभासद १९५० च्या सुमारास डेव्हिड डालक्विस्ट या भांडी बनवणाऱ्या कारखानदाराकडे गेल्या. तसं भांडं धातूचं करून द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यानं ॲल्युमिनियममध्ये ते ओतून दिलं. पुढची बरीच वर्षं त्याला विशेष गिऱ्हाईक नव्हतं. १९६६ साली पिल्सबरी कंपनीच्या पाककृती स्पर्धेत एला हेलफ्रिच या गृहिणीच्या चॉकलेट केकला दुसरा क्रमांक मिळाला. तो केक याच भांड्यातला होता. मग मात्र दुकानांतून भांडी संपली. सांगायचं कारण असं की, हा केक मोठ्या हॉटेलातून आलेला नाही. घरच्या बायकांना आपल्या आज्यांसारखा केक करायचा होता, म्हणून हे भांडं झालं.

आता कृती. कागद-पेन्सिल घेतली असेल तर लिहून घ्या. हे माप २० सेंटीमीटरच्या रिंगच्या भांड्याचं आहे आणि केक बिनअंड्याचा आहे. पार्टीला सगळ्या घरची मुलं येतात, म्हणून बिनअंड्याचा बरा.

मैदा २२५ ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, खायचा सोडा पाऊण चमचा आणि चिमूटभर मीठ, हे एकत्र दोनदा चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात ताजं दही २४० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, तेल १२० मिलिलिटर, कोमट दूध १२० मिलिलिटर आणि व्हॅनिला इसेन्स एक चमचा, हे साखर विरघळेपर्यंत फेटायचं. मग कोरडं मिश्रण ओल्यात घालून हलक्या हातानं एकजीव करायचं. इथे फार घोटू नये, घोटल्यानं मैदा चिवट होतो. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुरू होतात, म्हणून भट्टी आधी तापवून ठेवावी आणि मिश्रण कालवल्यावर थांबू नये.

तेल कुठलं, असं विचारतात. लोणी घातलेला केक फ्रीजमध्ये कडक होतो, कारण लोणी थिजतं. तेलाचा केक थंड असतानाही मऊ राहतो, आणि क्रीमचा केक फ्रीजमध्ये ठेवावाच लागतो. म्हणून वास नसलेलं रिफाइंड तेल घ्यावं. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात तर सरकीचं तेल आहेच. अमेरिकेत १९११ साली 'क्रिस्को' नावाचा घट्ट स्निग्ध पदार्थ बाजारात आला आणि तिथले असंख्य केक त्यावर झाले. तो सुरुवातीला सरकीच्याच तेलाचा केलेला होता. ज्या सरकीची ढेप आपण गुरांना घालतो, तिच्या तेलानं तिकडच्या घरोघरच्या भट्ट्या चालल्या. मात्र तेल घट्ट करण्याच्या त्या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक आहे. आपल्याकडे २०२२ पासून खाद्यतेल व स्निग्ध पदार्थांत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. त्यामुळे वनस्पती तुपापेक्षा साधं पातळ तेलच बरं.

भांड्याला आतून, विशेषतः मधल्या नळीला, थिजलेलं तूप नीट लावायचं आणि त्यावर कोको भुरभुरायचा. मैदा भुरभुरला तर काळ्या केकवर पांढरे डाग दिसतात. मिश्रण भांड्याच्या दोनतृतीयांशपर्यंतच भरावं. ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं लागतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं, झाकणाचं मोठं पातेलं घ्या. तळाशी दोन बोटं जाडे मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू, त्यावर तिकटी, आणि दहा मिनिटं तापल्यावर त्यावर केकचं भांडं. मंद गॅसवर पाऊण ते एक तास. पहिली अर्धा तास झाकण उघडू नका. शेवटी सुई टोचून पाहा, कोरडी आली की झालं.

२००५ नंतरची काही वर्षं आपल्या गावांनी भारनियमन कसं सोसलं, हे नव्यानं सांगायला नको. आजही उन्हाळ्यात, वादळवाऱ्यात वीज अवचित जाते. केक अर्ध्यात असताना वीज गेली तर रिंगचा केक त्यातल्या त्यात तग धरतो, कारण तो लवकर शिजत आलेला असतो. लगेच तापलेल्या पातेल्यात हलवता येतो. म्हणून ज्या दिवशी पार्टी, त्या दिवशी वाळूचं पातेलं तयार ठेवावं.

केक बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवून मग उलटा करायचा. गरम काढला तर मोडतो, फार गार झाला तर चिकटतो.

आता क्रीम. स्ट्रॉबेरी आपल्याकडे येते ती मुख्यतः महाबळेश्वर-पाचगणीहून, सातशेच्या आसपास किलोमीटर प्रवास करून. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही ती होते. हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. हे फळ तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे देठाकडे पांढरं दिसलं तर घरी ठेवून गोड होणार नाही. डबा उलटा करून खालची फळं पाहा, नासकी तिथे दडलेली असतात.

पाव किलो स्ट्रॉबेरी धुऊन, चिरून, ५० ग्रॅम साखरेबरोबर निम्मी होईपर्यंत आटवायची आणि पूर्ण गार करायची. कच्ची घातली तर पाणी सुटून क्रीम वाहतं. हंगामात असा गर जास्तीचा करून फ्रीझरमध्ये ठेवला की मे महिन्यातल्या वाढदिवसालाही तोच चालतो.

परदेशातल्या कृतीत यासाठी क्रीम चीज असतं. आपल्याकडे त्याहून सोपी गोष्ट आहे, श्रीखंडाचा चक्का. घट्ट बांधलेला चक्का २५० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम आणि स्ट्रॉबेरीचा गर, एवढंच पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढायचं. रंग गुलाबी येतो, वेगळा घालावा लागत नाही. पूर्ण गार झालेला केक सुरीनं आडवा कापून दोन चकत्या करा. खालच्या चकतीवर हे क्रीम पसरा, त्यावर आठ-दहा चॉकलेट बिस्किटांचा जाडसर चुरा, आणि वरची चकती झाकून द्या. चुरा केकच्या मिश्रणात घातला तर भिजून नाहीसा होतो. म्हणून तो क्रीमवर आणि वाढण्याच्या तासभर आधीच घालायचा, म्हणजे कुरकुरीत लागतो.

मैत्रिणींनो, आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. दूधदुभत्याचे पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. यवतमाळहून वणीला किंवा पुसदला एसटीनं जायचं तर दोन तास सहज जातात. बाहेरून क्रीमनं मढवलेला केक त्या प्रवासात वितळतोच, शिवाय बाधतोही. आंबटपणामुळे चक्का साध्या क्रीमपेक्षा जास्त तग धरतो, पण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. रिंगच्या केकला बाहेरून सजावट लागत नाही, त्याचा घाटच देखणा असतो. तेव्हा केक कोरडा डब्यात न्या, क्रीम बर्फाच्या डब्यात वेगळं न्या आणि भरायचं काम मुक्कामी पोचल्यावर करा. घरी केक करून विकत असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी तर कराच, पण हा नियम त्याहीआधी पाळा. पार्टीतलं पोर आजारी पडलं, तर केकवर काढलेल्या फुलांचं कौतुक कोण करणार?

खिशाचंही बोलू. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांचं वर्ष कापसाच्या भावावर ठरतं. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला तीन मजली केक आला की आपल्या घरातलं लेकरू काही बोलत नाही, पण बघत असतं. त्याची समजूत उपदेशानं पटत नाही. मैदा, दही, तेल, कोको, साखर आणि बिस्किटांचा एक पुडा, यांतून उभा राहिलेला असा केक ताटात आला की त्याला कुठेही कमीपणा वाटत नाही. साध्या गोल केकचे त्रिकोणी तुकडे टोकाला मोडतात. बांगडीचे सोळा तुकडे सारख्या मापाचे निघतात, कुणाला लहान-मोठा वाटत नाही. चाळीस मुलं येणार असतील तर तीन केक करावेत, एक मोठा करण्याच्या भरीस पडू नये.

राहिली मेणबत्ती. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ साली प्रयोग झाला. मेणबत्त्या फुंकल्यावर केकच्या वरच्या थरावरचे जंतू कितीतरी पटींनी वाढलेले त्यात आढळले. फुंकरीबरोबर थुंकी उडतेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दिवा विझवणं आवडत नाही. दोन्हींवर तोड या केकमध्येच आहे. मधल्या पोकळीत एक छोटी वाटी ठेवा आणि तिच्यात निरांजन लावा. आधी औक्षण करा, निरांजन तेवत राहू द्या, मग वाटी जपून उचलून देवापाशी ठेवा आणि पोकळीत चिरलेल्या ताज्या स्ट्रॉबेरी भरून केक कापा.

येत्या हिवाळ्यात, स्ट्रॉबेरीचे डबे बाजारात दिसू लागले की करून पाहा. पहिल्यांदा करताना पाहुणे बोलावू नका, घरच्यांसाठीच करा. आपली भट्टी किती वेळ घेते ते त्या एका केकवरून कळतं, आणि ती वेळ कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली की पार्टीच्या दिवशी घाई होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)