थंडीच्या सकाळीं अडलेली मोटार



निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटूं लागल्या आणि नाशिक-पुण्याकडे पारा दहा अंशांच्या खालीं उतरला, कीं पहांटे गल्लीगल्लींतून एक केविलवाणा आवाज कानीं येतो. कोणी गृहस्थ पुनःपुन्हां किल्ली फिरवीत असतात आणि मोटार नुसती कण्हत असते. कोणास सहाची गाडी गांठावयाची असते, तर कोणाच्या घरांतून आजारी माणसास इस्पितळांत न्यावयाचें असतें. अशा वेळीं काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, याविषयीं आज बोलावयाचें आहे. मी कांहीं यंत्रविशारद नव्हे. मुलांना पदार्थविज्ञानाचे पहिले धडे देऊन निवृत्त झालेला शिक्षक आहें. परंतु या कामास तेवढें विज्ञान पुरतें.

थंडीनें बॅटरी गेली, असें लोक म्हणतात. माझ्या मतें थंडीवर हा निव्वळ आळ आहे. बॅटरींत शिसें आणि सौम्य गंधकाम्ल यांची रासायनिक क्रिया चालते. उष्णतेनें आंतील पट्ट्या लौकर झिजतात, पाणी आटतें. म्हणजे बॅटरीचें आयुष्य खातो तो आपला एप्रिल-मे. थंडींत ती क्रिया मंदावते. शून्य अंशावर बॅटरीची शक्ति सुमारें एकपंचमांशानें घटते, आणि नेमकें त्याच वेळीं इंजिनांतील तेल घट्ट झाल्यामुळें तें फिरविण्यास बळ अधिक लागतें. मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, तशी ही ओढाताण. आपल्याकडे पारा क्वचितच तितका उतरतो. म्हणून येथील थंडीनें गाडी अडली, तर बॅटरी आधींच दुबळी झाली असावी, अशी पहिली शंका घ्यावी. उन्हाळ्यांतल्या परीक्षेचा निकाल जानेवारींत लागतो, इतकेंच.

किल्ली फिरविल्यावर प्रथम कान द्यावा. कांहींच आवाज झाला नाहीं आणि दिवेही लागले नाहींत, तर बॉनेट उघडून बॅटरीचीं दोन्ही टर्मिनलें पाहावींत. त्यांवर पांढरी-हिरवट पूड सांचलेली असते, किंवा पकड सैल झालेली असते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांस नवा स्टार्टर बसविण्याचा सल्ला मिळाला होता. काम झालें तें एक पाना, चमचाभर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांवर! सोडा आम्ल मारतो. मात्र तार सोडवितांना ऋण टोकाची आधीं सोडवावी आणि बसवितांना ती शेवटीं बसवावी. दिवे लखलखीत असून गाडी मुकी असेल, तर पायाकडे पाहावें. कित्येक नव्या गाड्या क्लच पुरता दाबल्यावांचून सुरूच होत नाहींत.

टकटक असा आवाज येत असेल किंवा इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरीचें बळ संपलें आहे असें बहुधा समजावें. दिवे, पंखा, रेडिओ (होय, आमचा हा रेडिओसुद्धां!) सारें बंद करावें. एका वेळीं दहा सेकंदांपेक्षां अधिक किल्ली धरूं नये, आणि मध्यें अर्धा-एक मिनिट थांबावें. नाहींतर स्टार्टर तापतो.

इंजिन जोरानें फिरतें पण पेट घेत नाहीं, असें असेल तर बॅटरी निर्दोष. खोट पेट्रोलांत किंवा ठिणगींत. डिझेल गाडी असेल तर वेटोळ्याच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत धीर धरावा. ॲम्बॅसडर-फियाटच्या काळांतले आम्ही लोक चोक ओढून पेडल हाणीत असूं. आतां पेट्रोलाचें माप यंत्रच ठरवितें, तेथें तो पराक्रम निरुपयोगी आहे.

शेजाऱ्याच्या बॅटरीची मदत घ्यावयाची, तर दोन्ही गाड्या बंद असाव्यात आणि तारांचा क्रम चुकूं नये. तांबडी तार आधीं अडलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचें दुसरें टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावें. बॅटरींतून हायड्रोजन निघतो. जवळ ठिणगी पडल्यास स्फोट होऊं शकतो. ढकलून सुरू करणें हें हातानें गिअर बदलण्याच्या गाडीपुरतेंच, आणि तेंही मोकळ्या रस्त्यावर. इंजिन बंद असतां ब्रेक जड लागतो.

गाडी सुरू झाल्यावर मात्र एक गोष्ट कधींही करूं नये. बाहेर गारठा आहे म्हणून गॅरेजचें दार लावून आंत इंजिन तापवीत बसूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. माणसास नुसती गुंगी येते आणि तो उठत नाहीं. गाडी तत्काळ बाहेर काढावी.

लडाखची गोष्ट निराळी. तेथें डिझेलांतील मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणूनच नोव्हेंबर २०१९ मध्यें इंडियन ऑइलनें उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें हिंवाळी डिझेल तेथें आणलें. हिंवाळ्यांत तिकडे गाडी नेणारांनीं टाकींत सपाटीवरचें डिझेल भरून जाऊं नये.

राहिली बॅटरीची तपासणी. ती दिवाळीच्या सुमारास करून घ्यावी. पुरी भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी रिकामी. माप मात्र गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं घ्यावें. फेरफटका मारून आल्याबरोबर घेतलेला आंकडा फसवा असतो.