कोळ्याचा पोर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सी. एस. लुईस यांची १९५४ सालची ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ ही अद्भुत कादंबरी मला मुलीने मराठीत सांगितली. शास्ता कोळ्याच्या झोपडीत वाढतो. पाळणारा कोळीच त्याला विकायला निघतो, तेव्हा बोलत्या घोड्याबरोबर तो पळतो. शेवटी कळते, हा तर राजाचा हरवलेला थोरला मुलगा!

आपली सैरंध्री दासीच्या वेषातही स्वतःला ओळखून होती. या पोराला काहीच ठाऊक नाही. २०० स्वार चालून येताहेत हे राजाला सांगायला तो थकल्या पायांनी धावला, तेव्हा कोळ्याचा पोरच होता. मला तेवढाच भाग आवडतो. मुलगी म्हणते, “आणि मुकुट, आई?” अगं, मुकुटाचे कौतुक त्याच्या जुळ्या भावालाही नाही, राज्य टळले म्हणून तो आनंदाने नाचतो!