गर्दीची मोजणी आणि माणसाची ओळख

(नाशिक येथे पालक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मोबाइल, संगणकीय खेळ आणि आपले खासगी जीवन असा विषय आज संयोजकांनी माझ्याकडे सोपविला आहे. या विषयावर घरोघरी दोनच मते ऐकू येतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, या यंत्रांनी पोरे बिघडवली. तरुण मंडळी म्हणतात, माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही, कुणी पाहिले तर पाहू दे. पहिल्या मतात वैताग आहे, दुसऱ्यात बेफिकिरी आहे, आणि विचार दोहोंतही थोडाच आहे. नाशिककरांना तर या विचारासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. हा प्रश्न आणि त्याचे एक उत्तम उत्तर, दोन्ही आपल्याच गोदाकाठी सापडतात.

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. सिंहस्थाच्या शाही स्नानाचा दिवस. रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद, उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांनी प्राण गमावले. अशा दुर्घटनेनंतर बंदोबस्त, कठडे, मार्गांची आखणी यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु मूळ अडचण माहितीची असते. कोणत्या गल्लीत या क्षणी किती माणसे शिरत आहेत आणि किती बाहेर पडत आहेत, हे नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याला वेळेवर कळले, तर मागचा लोंढा थांबवता येतो. गर्दीत अडकलेल्या माणसाला हे कळणे शक्यच नसते. त्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते.

२०१५ च्या सिंहस्थापूर्वी याच अडचणीवर नाशिकमध्ये काम सुरू झाले. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत संशोधन करणारे, मूळचे नाशिकचे डॉ. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' हा उपक्रम उभा राहिला. शहराच्या अडचणी शहरातल्याच तरुणांनी सोडवाव्यात, ही त्यामागची कल्पना. त्यातून निलय कुलकर्णी या शाळकरी वयाच्या नाशिककर मुलाने आपल्या सहकाऱ्यांसह एक चटई तयार केली. तिचे नाव 'आशिओतो'. जपानी भाषेत त्याचा अर्थ पावलांचा आवाज. चटईत दाब ओळखणारे संवेदक बसवलेले. वाटेवर ती अंथरायची, माणूस तिच्यावरून चालत गेला की दाब पडतो, पावलांची मोजणी होते, आणि किती माणसे कोणत्या वेगाने पुढे गेली याचा आकडा नियंत्रण करणाऱ्यापर्यंत पोहोचतो. २०१५ मध्ये अठरा तासांत सुमारे पाच लाख माणसांची मोजदाद या पद्धतीने झाली.

या चटईचे कौतुक तेव्हा पुष्कळ झाले, ते तिच्या स्वस्तपणामुळे आणि तिच्या निर्मात्याच्या वयामुळे. माझ्या मते तिचा खरा गुण वेगळाच होता आणि त्याकडे लक्ष कमी गेले. ती चटई कुणालाच ओळखत नव्हती. वरून गेलेला माणूस आखाड्याचा महंत होता की बीडहून आलेला ऊसतोड कामगार, स्त्री होती की पुरुष, तो काल कोठे होता आणि उद्या कोठे जाणार, यातले काहीही तिला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. जीव वाचवण्यासाठी जेवढे कळायला हवे तेवढेच तिने विचारले. मोजणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिलीने काम भागत असेल तर दुसरी करू नये, हा नियम त्या चटईत विणलेला होता.

रासकर यांचेच पुढचे काम पाहा. २०१२ साली ज्यांच्या प्रयोगशाळेने भिंतीच्या कोपऱ्यापलीकडचे पाहू शकणारा कॅमेरा जगापुढे ठेवला, त्याच गृहस्थांनी २०२० च्या महामारीत 'सेफ पाथ्स' हा संपर्कशोधाचा उपक्रम हाती घेतला. त्यातील मूळ कल्पना अशी की, माणसाच्या हालचालींची नोंद त्याच्याच फोनमध्ये राहावी आणि त्याने ठरवल्यावाचून ती बाहेर जाऊ नये. कोपऱ्यापलीकडे डोकावण्याची विद्या अवगत असलेल्याने डोकावण्याला मर्यादा घालावी, यात एक औचित्य आहे. आपल्याकडील 'आरोग्य सेतू' एप्रिल २०२० मध्ये आले, तेव्हा त्याबाबतही हेच प्रश्न विचारले गेले. मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची मूळ आज्ञावली तपासणीसाठी खुली करण्यात आली. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना त्या वेळी काहींनी देशविरोधी ठरवले होते. ते योग्य नव्हते. शासनाच्या कामाला प्रश्नांनी बळकटीच येते.

'खासगीपण ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्या समाजाला ती परकी' असेही सांगितले जाते. मला ते पटत नाही. आपल्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या आठवा. नाशिक-त्र्यंबकला आलेला यजमान आपले गाव, कुळ, आजा-पणजा, भाऊबंद यांची नोंद उपाध्यायांच्या बाडात करतो आणि पुढे पिढ्यांनी आलेल्या वंशजाला ती दाखवली जाते. यापेक्षा अधिक वैयक्तिक माहिती ती कोणती? पण ती कुणाकडे आहे हे यजमानाला ठाऊक असते, कशासाठी आहे हेही ठाऊक असते, आणि आलेला माणूस त्या घराण्याचा आहे याची खूण पटल्यावरच पान उघडते. वारसाहक्काच्या तंट्यांत अशा नोंदी पुरावा म्हणूनही पुढे आल्या आहेत, म्हणजे त्या अगदीच बंद पेटीत नव्हत्या. तरीही ते बाड घेऊन कुणी सावकाराच्या पेढीवर गेला आणि 'या घरात उपवर मुली तीन आहेत, कर्ज लागेल' असे सांगून पैसे घेऊन आला, तर त्या उपाध्यायाला गावाने काय म्हटले असते?

आज आपल्या खिशातील यंत्र नेमके हेच करते आणि आपण त्याला सोय म्हणतो. विजेरीचे साधे उदाहरण घ्या. अंधारात उजेड पाडणे एवढेच काम असलेले एक ॲप कोट्यवधी लोकांनी आपल्या फोनवर घेतले होते. ते वापरणाऱ्याचे ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवत होते, असे अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये उघड केले. वापरणाऱ्याने संमतीचे बटण दाबण्याआधीच माहिती निघून जात असे. विजेरीला आपण कोठे उभे आहोत हे कशाला हवे?

आता खेळांकडे वळतो, कारण पालकांनी आधी दिलेल्या चिठ्ठ्यांत तोच प्रश्न जास्त आहे. मुले किती तास खेळतात, डोळे बिघडतात का, अभ्यास बुडतो का, हे सारे प्रश्न रास्त आहेत. परंतु मूल खेळत असते तेव्हा खेळही त्या मुलाकडे पाहत असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. कोणत्या क्षणी ते कंटाळते, कोणत्या बक्षिसाने परत येते, रात्री किती वाजता सर्वांत अधिक खेळते, हे सर्व नोंदवले जाऊ शकते. 'पोकेमॉन गो' हा खेळ २०१६ मध्ये जगभर गाजला. फोन हातात धरून रस्तोरस्ती काल्पनिक प्राणी शोधायचे. पुढे खेळाडूंना चौक, पुतळे, उद्याने यांचे चित्रण करून पाठवण्याची सोय दिली गेली आणि हौसेने असंख्यांनी ते पाठवले. २०२४ मध्ये निआन्टिक या कंपनीने स्वतःच जाहीर केले की, अशा चित्रणांच्या आधारे यंत्रांना भूगोल समजावा यासाठी एक प्रचंड संगणकीय प्रारूप उभारले जात आहे. २०२५ मध्ये कंपनीने आपले खेळ दुसऱ्या कंपनीला विकले आणि नकाशाचे तंत्रज्ञान मात्र वेगळी कंपनी काढून चालू ठेवले. खेळ विकला, नकाशा ठेवला! कशाचे मोल अधिक होते, हे यावरून समजावे. यात बेकायदा काही होते असे मी म्हणत नाही. खेळणाऱ्या पोराला आपण मोजणीदार झालो आहोत याची कल्पना किती होती, एवढेच विचारतो.

'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' म्हणणाऱ्या तरुणांसाठी आणखी एक उदाहरण. धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या 'स्ट्राव्हा' या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. नावे कुठेही नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की, ओसाड वाळवंटात जेथे काहीच असायला नको तेथे धावण्याच्या रेषा चमकत आहेत. ते परदेशी सैन्याचे तळ होते. एकेका जवानाने केवळ आपला व्यायाम नोंदवला होता, लपवण्यासारखे त्याच्याकडे काहीच नव्हते. आपल्या शेजारी देवळालीत तोफखान्याचे विद्यालय आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला प्रतिभूती मुद्रणालय आहे. या गावात कुणाच्या ना कुणाच्या घरी अशा ठिकाणी काम करणारा माणूस आहेच. एकाची क्षुल्लक माहिती दुसऱ्याच्या क्षुल्लक माहितीला जोडली गेली की ती क्षुल्लक राहत नाही. नाशिकरोडवरून आठवले, तेलगी प्रकरणात मुद्रणालयाची लिलावात निघालेली जुनी यंत्रसामग्री मुद्रांकांच्या बनावटीसाठी वापरली गेल्याचे पुढे आले होते. मुख्य दरवाजावर कडक पहारा असताना भंगाराच्या वाटेने घात झाला. साठवलेल्या माहितीचेही असेच होते.

२०२० च्या जूनमध्ये ५९ चिनी ॲपवर आणि सप्टेंबरमध्ये 'पबजी'सह आणखी ॲपवर बंदी आली. आपल्या मंडळींनी त्याचे स्वागत केले, मीही केले. परंतु तेथेच थांबून चालणार नाही. माझ्या मुलाचे संपर्क, आवाज आणि ठिकाण एका परकीय कंपनीऐवजी स्वदेशी कंपनीकडे गेले, म्हणजे मुलाचे हित साधले असे होत नाही. स्वदेशी मालाला आपण शुद्धतेची अधिक कठोर कसोटी लावायला हवी. ॲप कोणत्याही देशाचे असो, 'ही परवानगी कशासाठी?' हा प्रश्न सारखाच विचारावा. खेळाला माझे संपर्क कशाला? कॅलेंडरला माझा मायक्रोफोन कशाला? उत्तर न मिळाल्यास फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून घ्यावी. बहुतेक ॲप त्यानंतरही निमूटपणे चालतात, यावरूनच ती मागणी किती अनावश्यक होती ते कळते.

कायदाही आता आपल्या बाजूने काही अंशी उभा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घेणे त्यात बंधनकारक केले आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांच्यासाठी जाहिराती बेतण्यास मनाई आहे. काही अपवाद ठेवले आहेत, तेही वाचले पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हिशेब केला तर ती मे २०२७ मध्ये येते. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याकडे सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत.

प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा वापर झाला. तरीही २९ जानेवारीला मौनी अमावास्येच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन शासनाच्या घोषणेनुसार ३० जणांचा मृत्यू झाला. केवळ यंत्रे वाढवल्याने गर्दी आवरत नाही. नाशिकमध्येही कॅमेरे लागतील, ते लागायलाच हवेत. मात्र कॅमेरा एकच असला तरी त्याच्यामागची आज्ञावली दोन प्रकारची असू शकते. एक डोकी मोजते आणि विसरते. दुसरी चेहरे टिपते आणि साठवते. हरवलेल्या बालकाचा किंवा आजीबाईंचा शोध घेण्यासाठी चेहरा जुळवून पाहणे मी समजू शकतो. ते मूल आईच्या कुशीत पोहोचल्यावर बाकी लाखो चेहऱ्यांचे काय केले, हे मात्र सांगितले गेले पाहिजे.

म्हणून येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी जे संगणकशास्त्र शिकतात त्यांनी चार-पाच जणांचा गट करून महानगरपालिकेकडे आणि कुंभमेळ्याच्या यंत्रणेकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या ठिकाणी केवळ मोजणी होणार आणि कोणत्या ठिकाणी ओळख पटवली जाणार, टिपलेले चित्रण किती दिवसांनी पुसले जाणार, आणि ते कोणत्या खासगी कंपनीच्या हाती राहणार. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. मसुदा करण्यास मदत हवी असल्यास व्याख्यानानंतर मी येथेच थांबणार आहे.